टूरवरचा बाबा: नागपुरातल्या एका घराचं प्रकरण

या घराची परवानगी घेऊन हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं मुद्दाम टाळलीत, म्हणून बापाला बाबा, आईला आई, आजीला आजी आणि नऊ वर्षांच्या पोरीला चिऊ म्हणते. मी नागपुरात समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या बापांपैकी बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, "मॅडम, वेळच नाही मिळत." ते खोटं बोलत नसतात, वेळ खरंच कमी असतो. पण या घरात मला परत एकदा दिसलं की किती तास मिळतात याच्याइतकंच महत्त्वाचं असतं की पोराची कोणती गोष्ट कोणाच्या डोक्यात असते. त्या एका गोष्टीसाठी हे सविस्तर मांडतेय.

पार्श्वभूमी

मनीषनगरकडे दोन बेडरूमचा फ्लॅट, होम लोनचे हप्ते अजून बरेच बाकी. बाबा औषध कंपनीत, आधी एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा प्रतिनिधी होता, आता एरिया मॅनेजर. हेडक्वार्टर नागपूर, पण काम वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळ असं पसरलेलं. हाताखालच्या एमआरसोबत जॉइंट वर्किंग करायचं, म्हणजे त्यांच्याबरोबर फिरायचं, डॉक्टरांना भेटायचं, स्टॉकिस्टकडे माल किती पडून आहे ते बघायचं आणि महिनाअखेरीला क्लोजिंग, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा हिशोब पूर्ण करायचा. क्लोजिंगच्या आठवड्यात माणूस घरात असला तरी घरात नसतो, हे त्याच्या बायकोचं वाक्य आहे आणि ज्यांच्या घरात कोणी या लाइनमध्ये आहे त्यांना ते लगेच पटेल. नागपुरात असला तरी धंतोली-रामदासपेठच्या ओपीडी, दुपारी रिपोर्टिंग, आणि संध्याकाळचे डॉक्टर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, म्हणजे घरी पोचेपर्यंत चिऊ झोपायला गेलेली.

आई एका सहकारी बँकेत. सकाळी साडेनऊला निघते, सहा-साडेसहाला येते, मार्च महिन्यात आणि ऑडिटच्या वेळी त्याहून उशीर. आजी म्हणजे बाबाची आई, आजोबा गेल्यापासून यांच्याकडेच, गुडघ्यांनी त्रासलेली पण चिऊची व्हॅन दुपारी आली की गेटपाशी हजर. चिऊ चौथीत, शाळा सकाळची.

घरात भांडणं नव्हती, दारू नाही, मारझोड नाही, पैशाची ओढाताण होती पण सगळ्यांच्या घरी असते तेवढीच. बाबाचा जीव पोरीवर आहे हे पहिल्या भेटीतच दिसलं. चंद्रपूरहून येताना काहीतरी आणल्याशिवाय हा माणूस घरात पाय ठेवत नाही. रविवार म्हणजे फुटाळा, आइस्क्रीम, मॉल, उशिरापर्यंत जागरण. म्हणून तर त्याला कळत नव्हतं की चुकतंय कुठे.

अडचण कशी समोर आली

ऑगस्टमध्ये शाळेत पालकसभा होती. आईकडे ऑडिट, म्हणून पहिल्यांदा बाबा एकटा गेला. चौथी ब च्या वर्गाबाहेर बराच वेळ रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर टीचर म्हणाल्या की ही मुलगी माझ्या वर्गात नाही. चिऊची तुकडी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाच बदलली होती, ती क मध्ये होती. मग क च्या टीचर भेटल्या, त्या म्हणाल्या वह्या अर्धवट राहतात, वर्गात लक्ष नसतं, डोकं दुखतं म्हणते, आईला दोनदा निरोप दिलाय. बाबाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

घरी येऊन त्याने चिऊला बसवलं आणि विचारलं, वह्या का पूर्ण करत नाही. ती गप्प. परत विचारलं, आवाज चढला. मग ती म्हणाली, "तू जा ना टूरला."

तो माझ्याकडे आला ते हे वाक्य घेऊन. त्याने मला अजून एक गोष्ट सांगितली ती मी विसरू शकत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येक डॉक्टरचं प्रोफाइल असतं, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलं काय शिकतात, चहा घेतात की कॉफी. ते सगळं त्याला तोंडपाठ आहे कारण तेच त्याचं काम आहे. आणि पोरीची तुकडी माहीत नव्हती. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.

अडचण नेमकी काय होती

सुरुवातीला सगळे म्हणत होते वेळेचा प्रश्न आहे. मी त्यांना वेगळं बघायला सांगितलं. मायकेल लँब नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात बापाच्या सहभागाचे तीन भाग मांडले होते. मुलासोबत प्रत्यक्ष काहीतरी करणं हा एक, मुलाला हवा तेव्हा सापडणं हा दुसरा, आणि मुलाची काळजी नीट होतेय ना हे बघायची जबाबदारी स्वतःकडे असणं हा तिसरा. जुनी मांडणी आहे, पण मला अजून हिच्याइतकी कामाची दुसरी सापडली नाही.

या घरावर ती लावली तर चित्र स्पष्ट होतं. पहिला भाग रविवारी का होईना, होता. दुसरा अर्धामुर्धा, कारण टूर कधी निघेल आणि कधी संपेल हे आदल्या दिवशीपर्यंत घरात कोणालाच माहीत नसायचं. तिसरा भाग पूर्ण आईकडे. लस कधी, दात कधी पडला, व्हॅनवाल्या काकांचे पैसे, प्रोजेक्टसाठी थर्माकोल, कोणत्या मैत्रिणीशी सध्या कट्टी आहे, सगळं. बाबा सांगितलं ते करायचा, पण सांगायला कोणीतरी लागायचं, आणि सांगणं हेच मोठं काम असतं, तेच सगळ्यात जास्त थकवतं, ही गोष्ट घरात कधी बोललीच गेली नव्हती.

हे काही एकट्या या घराचं नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची काळजी घेण्याचं काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 134 मिनिटं जात होते आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचे 76. आणि मुळात त्या दिवशी असं काही काम केलं असं सांगणारे पुरुष होते 14 टक्के. कायदाही बापाला फारसा मोजत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, आईसाठी 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवडे आहेत, पण खाजगी कंपनीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. चिऊ झाली तेव्हा हा माणूस तीन दिवसांत यवतमाळला कामावर होता. सुरुवातच अशी झाली की आई शिकत गेली आणि बाबा मागे राहिला, मग पुढची नऊ वर्षं तेच अंतर वाढत गेलं.

आणखी एक. "तू जा ना टूरला" यात सगळ्यांना राग दिसला. मला त्यात चिऊची एक व्यवस्था दिसली. बाबा नसताना तिचं घर शांतपणे चालतं, जेवण, अभ्यास, झोप, सगळ्याला ठरलेली वेळ आहे. बाबा आला की आधी सगळे नियम सुटतात आणि मग अचानक मार्कांची चौकशी होते. तिच्यासाठी बाबा म्हणजे गडबड, आधी गोड आणि नंतर कडू.

समोरचे पर्याय

नोकरी बदलणे हा पहिला. ट्रेनिंग किंवा ऑफिसचं काम मागायचं, पण त्याच्या कंपनीत अशा जागा मुंबईत, म्हणजे आईची नोकरी जाणार आणि आजीला परक्या शहरात न्यायचं. दुसरी कंपनी पकडली तरी फील्ड ते फील्डच. यावर दोन भेटी गेल्या, आणि त्या जायलाच हव्या होत्या, कारण तोपर्यंत "नोकरीच अशी आहे" या वाक्यामागे त्याला बसता येत होतं. कागदावर हप्ता, पगार, इन्सेंटिव्ह सगळं मांडलं तेव्हा नोकरी राहणार हे ठरलं, आणि मग प्रश्न उरला तो असा की ही नोकरी ठेवून काय.

दुसरा पर्याय आजीने मांडला. सुनेने नोकरी सोडावी किंवा हाफ डे वगैरे काही बघावं. मला यावर थांबून बोलावंसं वाटतं, कारण माझ्यासमोर बापाचा प्रश्न येतो आणि घर उत्तर शोधतं आईच्या वेळात. चिऊला आई कमी पडतच नव्हती. आई अजून दोन तास आधी घरी आली असती तर बाबाची जागा अजूनच भरून गेली असती. हे मी आजीसमोर अशाच शब्दांत सांगितलं. आजीला आवडलं नाही. आई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून नीट हसली.

तिसरा, रविवार अजून मोठा करायचा, महिन्यातून एकदा पेंच-ताडोबा. बाबाला हा फार आवडला होता. मी नको म्हटलं, कारण रविवार आधीच मोठा होता.

चौथा, रोज रात्री व्हिडिओ कॉल. तो चालूच होता. बाबा कुठल्यातरी डॉक्टरच्या केबिनबाहेर, मागे पेशंटचा गोंगाट, "जेवली का, अभ्यास झाला का, आजीला त्रास नाही ना दिला", आणि चिऊची तीन उत्तरं, हो, हो, नाही. कॉल बंद करायची गरज नव्हती, त्यात बोलायला काही नव्हतं हा प्रश्न होता. ज्या माणसाला तुमच्या दिवसातली एकही गोष्ट माहीत नाही तो विचारणार तरी काय.

त्यावरून पाचवा पर्याय निघाला आणि तोच घेतला. टूर प्रोग्राम असा बांधायचा की घराला आधीच कळेल, आणि चिऊच्या आयुष्यातला एक अख्खा विभाग, विचार करण्यापासून करण्यापर्यंत, बाबाकडे द्यायचा. आईने त्यात हात घालायचा नाही, आठवणसुद्धा करून द्यायची नाही.

काय केलं

कोणता विभाग यावर घरात चांगलीच चर्चा झाली. बाबाला अभ्यास हवा होता. आई म्हणाली, "अभ्यास घेतला तर तुम्ही दोघं रोज भांडाल." ती बरोबर होती असं मला वाटतं. शेवटी ठरलं की चिऊची तब्येत पूर्ण बाबाकडे, म्हणजे डोळे, दात, लसी, डोकेदुखी, औषधं, फाइल, सगळं. त्याच्या ओळखीचं क्षेत्र, त्यामुळे पहिल्याच महिन्यात हरल्यासारखं वाटणार नाही. आणि नागपुरात असेल त्या सकाळी उठवणं, डबा आणि व्हॅनपर्यंत सोडणं.

टूरसाठी त्याला त्याच्या रीजनल मॅनेजरशी बोलावं लागलं. हे बोलणं त्याने बरेच दिवस टाळलं, मुलीसाठी सवलत मागणं म्हणजे कमीपणा असं त्याला वाटत होतं. आम्ही ठरवलं की सवलत मागायचीच नाही, नवा प्रोग्राम मांडायचा. चंद्रपूर आणि गडचिरोली एका फेरीत, मंगळवार-बुधवार मुक्काम ठरलेला. गोंदिया सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत. वर्धा-भंडारा तर अपडाऊनच. यवतमाळ एक आड एक आठवडा. डॉक्टरांच्या भेटी तितक्याच, लॉजचा खर्च कमी. मॅनेजर म्हणाला, "कर, पण क्लोजिंगच्या आठवड्यात मला काही सांगू नको." म्हणजे तीन आठवडे ठरलेले आणि एक आठवडा रामभरोसे. तो चौथा आठवडा घरात लपवायचा नाही हेही ठरलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बाबाने चिऊसमोर बसून मुक्कामाच्या रात्रींवर निळी खूण केली आणि क्लोजिंगच्या आठवड्यावर प्रश्नचिन्ह काढलं. त्या प्रश्नचिन्हावर चिऊ म्हणाली, "म्हणजे तुला पण नाही माहीत?" तिला वाटत होतं बाबाला माहीत असतं आणि तो सांगत नाही.

शाळेच्या बाजूने एक अडचण आली जिचा कोणी विचार केला नव्हता. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता तो फक्त आयांचा. बाबाला त्यात घ्यायला काही जणींची तयारी नव्हती. आपला नंबर अनोळखी पुरुषाकडे नको, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मग निरोप परत आईमार्फतच येणार. टीचरशी बोलल्यावर त्यांनी एक वेगळा ग्रुप काढला ज्यात फक्त त्याच सूचना टाकतात, आणि त्यात अजून काही बाबा आले. सुटायला सोपी गोष्ट, पण कोणीतरी जाऊन बोलायला लागलं.

आता डोळ्यांचं. टीचरने सांगितलेली डोकेदुखी बाबाने सगळ्यात आधी हातात घेतली. ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, मागच्या दाराने आत, पाच-दहा मिनिटांत बघून झालं, डॉक्टर म्हणाले नंबर दिसतोय पण थेंब टाकून नीट तपासू, परत आणा. जाता-येता चिऊ काही बोलली नाही. पुढच्या भेटीत त्याने मला अभिमानाने सांगितलं की एक मिनिट वाया नाही घालवला. मी म्हटलं, यावेळी नंबर लावा आणि बाकावर बसा.

त्याला ते विचित्र वाटलं पण त्याने ऐकलं. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यात थेंब टाकून थांबावं लागतं, बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. म्हणजे मोबाइल नाही, टीव्ही नाही, पुस्तक नाही. दोघं बाकावर, चिऊ डोळे मिटून. आणि समोरच त्याच्यासारखेच दोन एमआर बॅग घेऊन डॉक्टरची वाट बघत उभे. ते आधी बघितलेले, म्हणून डोळे मिटल्या मिटल्या चिऊने विचारलं, "बाबा, तू पण रोज असाच थांबतो का?"

तो म्हणाला हो. बोर होत नाही का, तर होतं. मग काय करतो, तर म्हणाला, आज डॉक्टरांचा मूड कसा असेल याचा विचार करतो. बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "मी पण मिसचा मूड बघते." आणि मग एकेक बाहेर आलं. नवीन वर्गात तिला मागच्या बाकावर बसवलं होतं. फळ्यावरचं दिसायचं नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवायची, शेजारणीने एक दिवस वही झाकून घेतली, तेव्हापासून वह्या अर्धवट. आईला का नाही सांगितलं, तर म्हणे, "आईला अजून एक काम झालं असतं."

हे वाक्य बाबाने मला सांगितलं तेव्हा आई बाजूलाच बसली होती. मी दोघांनाही काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

नऊ वर्षांचं पोर समोर बसवून विचारलं तर सांगत नाही. बाजूला बसलं की सांगतं. दोघांचं तोंड एकाच दिशेला असावं, हातात काही काम असावं किंवा नुसतं थांबणं असावं, आणि घाई नसावी. गाडीवर मागे बसून, बाकावर, भाजी निवडताना. त्या बाकामुळे एका टीचरला भेटून जागा बदलून घेता आली, दोन्ही डोळ्यांना मायनसचा चष्मा लागला आणि डोकेदुखी गेली. डॉक्टरांनी रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळायला सांगितलं, कारण मुलं बाहेरच्या उजेडात जास्त असली तर जवळचंच नीट दिसण्याचा हा दोष लागायचं प्रमाण कमी होतं हे आता बऱ्यापैकी पक्कं झालंय, आणि चष्मा लागला तरी ती सवय चांगलीच. तब्येत बाबाकडे, म्हणजे खेळणंही बाबाकडे आलं. नागपुरात असेल तेव्हा तो संध्याकाळचे पहिले डॉक्टर साडेसातनंतर घ्यायला लागला आणि आधी तासभर सोसायटीच्या मागच्या मैदानावर.

आजी

आजीला डब्याचं मुळीच पटलं नव्हतं. "पोट्टीचा बाप डबा भरून राहिला, लोकं काय म्हणतीन?" हे ती मला दोनदा बोलली. तिला वेगळं बोलवून विचारलं की आजोबा कसे होते. आजोबा रेल्वेत, अजनीला, ड्युटीचा काही नेम नाही. तिने तिन्ही पोरं जवळपास एकटीने वाढवली आणि त्याचा तिला अभिमान आहे, असायलाच पाहिजे. मग तिने सांगितलं की वर्षातून एकच दिवस हा माणूस रजा टाकायचाच टाकायचा, तान्हा पोळा. लाकडी बैलाला रंग द्यायचा, माळा घालायच्या, आणि पोरांना घेऊन स्वतः गल्लीत बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे पैसे-खाऊ, मागायला फिरायचा. नागपूरकरांना तान्ह्या पोळ्याचं कौतुक सांगायला नको, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तो इथे सुरू केला असं सांगतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते त्याच दिवशी, लहान पोरांचा तो असतो.

मी विचारलं, तुमच्या मुलाला वडिलांची कोणती आठवण आहे? आजी म्हणाली, "हेच सांगते तो. बैल." आणि गप्प झाली. मग स्वतःच म्हणाली, "आणखी काही आठवत नाही त्याले."

त्यानंतर आजीने डब्यावर बोलणं सोडलं असं नाही, पण ती स्वयंपाकघरात येऊन दुरुस्ती करायची थांबली. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला बाबा घरी होता. बैल तोच जुना.

जे फसलं

दोन गोष्टी. पहिली आईकडून. ठरलं होतं आठवण करून द्यायची नाही, पण दातांच्या डॉक्टरची तारीख बाबा विसरला, आईच्या लक्षात होतं, आणि तिने आदल्या रात्री सांगून टाकलं. मला ती म्हणाली, "पोरीचा दात दुखेल, मी बघत कशी बसू?" रास्त प्रश्न. आम्ही असं ठरवलं की दुखण्याशी संबंध असेल तर बोलायचं, नुसती तपासणी असेल तर चुकू द्यायची. पुढची एक तपासणी चुकली. बाबाने स्वतः फोन करून नवीन तारीख घेतली आणि त्यानंतर मोबाइलमध्ये चिऊच्या नावाने डॉक्टरांसारखंच प्रोफाइल बनवलं. चिऊचं वजन, चष्म्याचा नंबर, ॲलर्जी, मैत्रिणींची नावं, टीचरचं नाव, न आवडणाऱ्या भाज्या. धंद्याची सवय घरात आणली, आणि ती चालली.

दुसरी गोष्ट जास्त लागली. डिसेंबरमध्ये शाळेचं गॅदरिंग, चिऊ नाचात, बाबाने येतो म्हणून शब्द दिला. आठवडा क्लोजिंगचा नव्हता. आदल्या दिवशी दुपारी मॅनेजर मुंबईहून थेट यवतमाळला जॉइंट वर्किंगला आला. बाबा नाही म्हणू शकला नाही. खरा निर्णयाचा क्षण त्याच्या पुढचा होता. त्याने आईला फोन केला आणि म्हणाला तू सांग तिला. आई म्हणाली मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा. त्याने रात्रीपर्यंत फोन केला नाही, वाटत होतं काहीतरी करून पोचू. पोचला नाही. चिऊला कळलं ते स्टेजवरून खाली बघितल्यावर.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो विचारत होता काय घेऊन जाऊ. मी म्हटलं काही नेऊ नका, रिकाम्या हाताने जा आणि जे झालं ते तसंच सांगा. त्याने सांगितलं, मला दुपारीच माहीत होतं, तुला सांगायची हिंमत झाली नाही. चिऊ म्हणाली, "प्रश्नचिन्ह काढायचं ना मग." तिचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. त्या दिवसापासून घरात नियम झाला की कार्यक्रम बदलला की एका तासात बाबाने स्वतः चिऊला फोन करायचा, आईमार्फत नाही.

परिणाम

पुढच्या जूनपर्यंतचं सांगते. शाळेने चिऊच्या बाबतीत पहिला नंबर बाबाचा लावलाय. ताप आला तर व्हॅनवाले काका बाबाला फोन करतात, तो गोंदियात असला तरी, आणि तो तिथून आजीला सांगतो कोणतं औषध किती. आई मला म्हणाली की डोक्यातली एक खोली रिकामी झाल्यासारखी वाटते. तिने बँकेची प्रमोशनची परीक्षा दिली, जी ती पुढे ढकलत होती.

रात्रीचे कॉल आता छोटे आहेत, कधीकधी होतही नाहीत, पण बोलायला काहीतरी असतं. शेजारणीशी परत दोस्ती झाली का, चष्म्याची काडी घट्ट केली का. रविवार साधा झाला, फुटाळा महिन्यातून एखादवेळ.

किंमतही मोजावी लागली. एका तिमाहीत बाबाचं इन्सेंटिव्ह कमी आलं, संध्याकाळचे काही डॉक्टर सुटले, त्याच्या बरोबरीच्या एकाला त्याच्याआधी बढती मिळाली. हे त्याला टोचतं आणि तो ते लपवत नाही. गणित अजून आईच घेते. रागावली की चिऊ अजूनही आईकडेच जाते, बाबाकडे नाही, आणि त्याला याचं वाईट वाटतं. नऊ वर्षांचं अंतर एका वर्षात भरून येत नाही, मी त्याला तसं वचन कधी दिलं नव्हतं.

वेगळं काय करता येईल

असं घर परत समोर आलं तर आजीला पहिल्याच भेटीत बसवावं. तिसऱ्या माणसाने अडवलं की नवरा-बायकोचं ठरलेलं आठ दिवस टिकत नाही, आणि आजी विरोधात असते असं नाही, तिला कोणी विचारलेलं नसतं एवढंच. मॅनेजरशी बोलताना ठरलेल्या रात्रींसोबत वर्षातल्या दोन-तीन तारखा, गॅदरिंग, वाढदिवस, पालकसभा, आधीच लिहून द्याव्यात. गॅदरिंगची तारीख महिनाभर आधी माहीत होती, ती प्रोग्राममध्ये टाकली असती तर मॅनेजरने कदाचित यवतमाळ दुसऱ्या दिवशी घेतलं असतं. डोळे तपासायला पालकसभेची वाट बघायला नको होती, टीचरचे दोन निरोप आईकडे आले होते आणि आई एकटी सगळं धरून बसलेली होती म्हणून ते मागे पडले. यात आईला दोष देण्यासारखं काही नाही. आणि ज्यांच्या घरी बाळ नुकतंच झालंय त्यांना माझं सांगणं आहे की पहिल्या महिन्यात जी असेल ती रजा घ्या, अर्जित रजा मोडा, आणि बाळाची एक गोष्ट तेव्हाच पूर्ण आपल्याकडे घ्या, आंघोळ घ्या, लसी घ्या. नंतर नऊ वर्षांनी घेण्यापेक्षा फार सोपं जातं.

सध्या

बाबाला आता रीजनल मॅनेजरची जागा देऊ केलीय, पगार चांगला वाढतो, पण छत्तीसगड जोडलं जातं, म्हणजे महिन्यात जास्त रात्री बाहेर. त्याने दिवाळीपर्यंत वेळ मागून घेतलाय. घरात तीन प्रश्न लिहून ठेवलेत, मुक्कामाच्या रात्री आधी ठरवता येतील का, तब्येतीचा विभाग बाबाकडेच राहील का की परत आईकडे जाईल, आणि चिऊ काय म्हणते. पहिल्या दोनाची उत्तरं तो कंपनीकडून लेखी मागतोय. तिसऱ्याचं उत्तर चिऊने अजून दिलेलं नाही, विचार करून सांगते म्हणाली.